अक्का, तुझ्या खुणा मीच पुसल्या

अक्का,

आज बुधवार. आबांचं कार्ड काल यायला हवं होतं, आलं नाही. आजच्या टपालात तरी असेल म्हणून मी अकरा वाजल्यापासून दुकानाच्या पायरीवर उभा होतो. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला, तसा टेबलफॅन बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या वाक्यात सोडून मी रस्त्यात धावलो. पोस्टमन हसून म्हणाला, "काय बापूसाहेब, घरात कोणाचं लग्न जमतंय का?" मी म्हणालो, हो. दुसरं काय सांगणार? माझे मेहुणे तिकडे धुळ्यात एकटे राहतात, त्यांना जवळजवळ दिसत नाही आणि स्टोव्ह त्यांचा ते पेटवतात, हे जळगावच्या भर बाजारात कोणाला सांगायचं?

"त्यांना दिसत नाही" हे लिहितानाही हात थबकतो. तुला ते ठाऊक होतं. आम्हाला कोणालाच नव्हतं. तू ते इतकं बेमालूम लपवलंस, की मी, सख्खा धाकटा भाऊ, दर महिन्याला तुझ्या घरी येऊन जेवून जायचो आणि आबांच्या जाड चष्म्याची चेष्टा करून परत यायचो.

शैलाशी ठरलेला करार असा आहे. तुझी लेक सुरतेला परत जाताना मला बजावून गेली: "मामा, आठवड्याला दोन कार्डं. मंगळवारी एक, शनिवारी एक, आबांच्या हातची. एक जरी चुकलं तरी मला कळवायचं. मी येऊन त्यांना घेऊन जाईन." एक चुकलंय, अक्का. मी अजून कळवलेलं नाही. शैलाला लिहायचं कोरं कार्ड गल्ल्याशेजारी पडलंय आणि मी हे तुला लिहीत बसलोय. तुला लिहिलेलं टपालात टाकावं लागत नाही, एवढाच त्यात फायदा.

दुपारची वेळ आहे. शेठजी आत लवंडले आहेत. समोर कपाटात कुकर, स्टोव्ह, ट्रान्झिस्टर, इस्त्र्या ओळीनं बसल्यात आणि माझ्याकडे बघतायत. ह्यातली एकही वस्तू तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय मला खरी वाटली नाही. म्हणजे कसं, की मी विकायचो सगळंच, पण मनातल्या मनात वस्तूंच्या दोन जाती होत्या: अक्कानं पास केलेल्या आणि नापास केलेल्या.

आठवतं? नवीन माल आला की मी एखादा नग पिशवीत घालून धुळ्याला घेऊन यायचो. पारोळ्यापर्यंत तो मांडीवर, पुढे गर्दी झाली की डोक्यावर. दारात पाऊल टाकायच्या आत, काय आणलं ते विचारणारा तुझा आवाज: "हाई काय लई उना रे भो?" रागात आणि लाडात तू अहिराणीवर यायचीस, राग की लाड, ते वस्तू बघून ठरायचं. पिठाचे हात तसेच ठेवून तू वस्तू उचलायचीस. मी ओरडायचो, "अगं हात धू, विकायची आहे ती!" तू म्हणायचीस, "धुतलेल्या हातानं कोन वापरस? जिले पिठाना हात चालत नही, ती सयपाकघरमा कसाले?"

ती लांब, गोल, चकचकीत बॅटरी मी किती कौतुकानं आणली होती. तू ती पाटावर ठेवलीस. ती गडगडत थेट मोरीत गेली. तू म्हणालीस, "ही अंधारात हातातून सुटली की शोधायला दुसरी बॅटरी लागेल. दोन-दोन विकायचा तुमच्या शेठचा बेत दिसतो." मी ती परत आणली आणि शेठजींना तुझं म्हणणं सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी चौकोनी डोक्याच्या मागवल्या आणि अक्कल त्यांची म्हणून सगळ्यांना सांगितली.

कुकर मात्र तू पहिल्या दिवसापासून मानलास. मी अंगणात उभा राहून शिट्ट्या मोजत होतो, आत यायची माझी छाती नव्हती; आणि मी कुकर विकणारा माणूस! तू आतून हाका मारत होतीस, "ये रे, खात नाही तुला!" नंतर म्हणालीस, "ह्याचं झाकण चुकीचं बसतच नाही. आणि काय चाललंय ते हा स्वतः ओरडून सांगतो. माणसात असा एक सापडत नाही." तेव्हा मला वाटलं, हा टोमणा आम्हा पुरुषांना. आज वाटतं, तू आबांचा विचार करत होतीस. आवाज करणारी वस्तू तुला का आवडायची, गुळगुळीत बटणाच्या ट्रान्झिस्टरला तू नाक का मुरडायचीस, ते मला आता एकेक करून कळतंय. "हातले समजाले पाहिजे," हे तू शंभरदा म्हणालीस. मी शंभरदा हसलो. एकदा तरी विचारायला हवं होतं, कोणाच्या हाताला?

आता त्या डब्यांचं सांगतो. टाळून चालणार नाही, आपलं शेवटचं भांडण तेच.

साखर, चहा, मीठ, रवा, डाळ, पोहे. सहा डबे, स्टीलचे, एकाच मापाचे, एकावर एक बसणारे. जळगावात सुनांच्या रुखवतात तोच सेट मांडायची तेव्हा टूम निघाली होती. तुझ्या फळीवर मात्र कसली वरात होती! एक बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, एक पोचा पडलेला पितळी, एकाच्या गळ्याला सुतळी, एक बुटकी बरणी, एकाचं झाकण दुसऱ्याचंच. मला लाज वाटायची. भाऊ घरसामानाच्या दुकानात आणि बहिणीची फळी अशी! तू सेट उघडलास, सहाही डबे रांगेत लावलेस आणि विचारलंस, "ह्या सहा जुळ्या बहिणी ओळखायच्या कशा?"

"झाकणावर नावं कोरून आणतो."

"नाव वाचायला डोळे लागतात, बापू."

"मग डोळे आहेत की! चष्मा कर तू एक."

तू माझ्याकडे बघितलंस. आबा पलीकडे रेडिओपाशी बसले होते, त्यांनी बातम्या जरा मोठ्या केल्या. तू खोकं बांधलंस आणि माझ्यादेखत माळ्यावर टाकलंस. "तुले काई कयस का?" एवढंच म्हणालीस. मला ते फार लागलं. म्हणजे मला काही कळत नाही? अठरा वर्षं ह्या धंद्यात घालवली ती काय झोपा काढत? चहा न घेता मी उठलो. मागून आबा म्हणाले, "अरे, आधण ठेवलंय." मी वळलो नाही. दोन महिने आलो नाही. मग तार आली.

तू त्या दुपारी काय सांगणार होतीस, अक्का? की सांगणारच नव्हतीस?

पुढचं सगळं माझं कर्तृत्व.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी घर धुवायचं असतं. आपल्याकडची रीतच, तेराव्याला गोडाचं ताट वाढायच्या आधी घरातला कोपरान् कोपरा निघाला पाहिजे. बायका भांडी घासत होत्या. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण मला बसवेना. बसलो की तू दिसायचीस. तेव्हा मी बनियनवर पदर खोचल्यासारखं उपरणं खोचलं आणि सफाईला लागलो. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.

रेडिओच्या बटणावर लाखेचा एक वाळका थेंब होता, पेटीवर दुसरा. पार्सलाची लाख उडाली असेल, म्हटलं. दाढीच्या पात्यानं दोन्ही खरवडले आणि खोबरेल लावून रेडिओ शोरूममधल्यासारखा केला. औषधाच्या बाटल्यांना रबरं गुंडाळलेली होती, एकीला एक, दुसरीला दोन. पसारा नको म्हणून सगळी काढून खिळ्याला अडकवली. स्टोव्ह परातीत वाळू घालून तिच्यात बसवलेला होता. ती वाळू मला मांजराचं काहीतरी वाटली. ओतून टाकली, परात घासली. टेबलावर जुन्या लग्नपत्रिकेचा एक पुठ्ठा होता, ओळीनं फटी कापलेल्या. उंदरांनी खाल्ला समजून रद्दीत घातला. आणि शेवटी माळ्यावर चढलो.

खरं सांगू? खोकं खाली काढताना मला क्षणभर बरं वाटलं. तू गेल्याच्या बाराव्या दिवशी. वाटलं, आता तरी हे डबे वापरात येतील. साखर, मीठ, चहा सगळं मी स्वतः ओतलं, सहा डबे फळीवर ओळीनं लावले, तुझे जुने डबे दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकले आणि मागं सरून बघितलं. फळी चकाकत होती. आपलं भांडण मी जिंकलो होतो. समोर कोणी नव्हतं म्हणून जिंकलो होतो, हे तेव्हा सुचलं नाही.

स्टोव्हच्या चावीवर कानशीनं पाडलेली एक खाच होती, तेवढीच वाचली. घासून जाईना. मी मनात म्हटलं, माल डागी आहे.

गोडजेवण झालं, पाहुणे गेले. घरात मी, शैला आणि आबा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आबा आमच्या आधी उठून चहा करत होते. घरातला पहिला चहा तेच करायचे, हे मला शैलानं तेव्हा सांगितलं. तुझ्या उशाशी कप आणून ठेवायचे म्हणे. तीन कप घेऊन आले. पाय न अडखळता, थेंब न सांडता. मी घोट घेतला.

खारट! समुद्र!

शैलानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. आणि आम्ही दोघांनी आबांकडे बघितलं. त्यांनी पहिला घोट घेतला, थांबले, आणि पीत राहिले. सावकाश, बशीत ओतून, फुंकून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आज दूध जरा वेगळं आलंय."

शैला उठून त्यांच्यासमोर जाऊन बसली. त्यांच्या चष्म्यापुढे पंजा हलवायला लागली.

"शैले," आबा म्हणाले, "हात थांबव. वारा लागतो."

मग सगळं बाहेर आलं. काचबिंदू. डाव्यानं तीन वर्षांपासून काही नाही, उजव्यानं खिडकीएवढा उजेड. छापखान्यातलं काम सोडलं ते पाठदुखीनं नव्हे. शैला रडली, रागावली, "आईनं मलासुद्धा?" म्हणाली आणि डोळे पुसून ट्रंक काढली. "मामा, स्टँडवर जा. सुरतेची दोन तिकिटं काढा. यांना एक दिवस इथं ठेवणार नाही मी. उद्या घर पेटवतील."

आबा म्हणाले, "शैला, मी कुठं येत नाही."

"तुम्हाला चहात काय टाकलं ते कळत नाही, आबा!"

त्यावर ते उठून रेडिओकडे गेले, बातम्यांची वेळ झाली होती. आणि अक्का, मी बघितलं. त्यांचा अंगठा बटणावरून फिरायला लागला. एक फेरा, दुसरा फेरा. घर्रर्र, मग कुठलं तरी गुजराती, मग घर्रर्र. अंगठा काहीतरी शोधत होता. लाखेचा थेंब. बटणावरचा थेंब पेटीवरच्या थेंबासमोर आला की मुंबईच्या बातम्या, असं तू ठरवून ठेवलं होतंस ना? मी ते पात्यानं खरवडलं होतं, जोर लावून. आबांनी एकदा बटणाच्या खाली नख घालून बघितलं, मग रेडिओ बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. त्यांना वाटलं असणार, आपलीच बोटंसुद्धा गेली आता.

रबरं, वाळू, सुतळी, एकेक समोर यायला लागलं. आणि मी काय केलं? चपला घातल्या आणि तिकिटं काढायला गेलो. भ्याडपणात माझा हात धरणारा खानदेशात नाही. आरक्षणाच्या खिडकीपुढे अर्धा तास रांगेत उभा राहिलो. नंबर आला.

"कुठलं?"

"सुरत."

"किती?"

माझ्या तोंडून आकडा निघेना. मागची माणसं ढोसायला लागली. मी म्हणालो, "घरी विचारून येतो."

खिडकीतला माणूस म्हणाला, "मग रांगेत काय दर्शनाला उभे होते का, काका?"

घरी आलो. शैला आबांची धोतरं घडी करत होती. मी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, बसलो असतो तर सांगितलं नसतं. "शैला, मीठ आबांनी नाही टाकलं. मी टाकलं."

"बापू, गप्प बस," आबा म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना माझीच लाज राखायची होती.

मी गप्प बसलो नाही. डबे, थेंब, रबरं, वाळू, सगळं सांगितलं. ह्या घरात माणूस आंधळा नव्हता, शैला, अक्कानं त्याला दुसरे डोळे करून दिले होते. ते मी परवा घासूनपुसून फेकून दिले. शैला मला बोलेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मामा, आईचे डबे भंगारात दिले तुम्ही?" आणि धोतरांवर तोंड ठेवून रडायला लागली.

मी भंगारवाल्याच्या मागावर पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. नाही मिळाले. एका दुकानाबाहेर चौकोनी डबा दिसला म्हणून धावलो, तर तो रॉकेलचा.

शैलानं आठ दिवस दिले. आठ दिवसांत आबांनी एकट्यानं चहा, दूध आणि अंघोळीचं पाणी करून दाखवलं तर राहतील. जेवणाचा डबा खानावळीतून येईल. नाहीतर सुरत.

मी कानस विकत आणली. अंगणात बसलो, आबा समोर. त्यांनी कनवटीची डबी काढली आणि तिच्यातून शिशाचा एक बारका तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. छापखान्यातला खिळा, सोडताना एक आठवण म्हणून आणलेला. "डोळे मिट," म्हणाले. "अंगठा फिरव. काय लागतं?"

"खाच आहे एका अंगाला."

"प्रत्येक खिळ्याला असते. खिळे जुळवणारा कंपोझिटर अक्षर बघत बसत नाही. खिळा उचलला की अंगठा आधी खाच शोधतो. खाच वर आली, की अक्षर सुलटं. एकेक बघून लावायला गेलो तर लग्नाची पत्रिका बारशाला निघायची." मग म्हणाले, "ही खाच पहिल्यांदा कोणी पाडली, त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्याला कंपोझिटर ठाऊक होता."

मी अठरा वर्षं वस्तू विकतोय, अक्का. चांगली वस्तू म्हणजे काय, हे मला कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी घरी आल्यावर मी तुझ्या अक्काला हा खिळा दाखवला," आबा म्हणाले. "म्हटलं, आता माझं हे एवढंच उरलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून भाजी आणायची ती कानस घेऊन आली."

मग आम्ही घर पुन्हा मांडलं. मीठ डब्यातून काढून बरणीत गेलं; आबा म्हणाले, स्टीलला मीठ खातं, एवढंही तुझ्या दुकानात सांगत नाहीत का? साखरेच्या झाकणाच्या कडेला एक खाच, चहाच्या दोन. रव्याच्या डब्याला सुतळी. लाख वितळवून थेंब सोडताना माझं बोट भाजलं, आणि रेडिओवर मुंबईऐवजी आधी इंदूर लागलं, ते पुसून पुन्हा. परातीत वाळू आली. काड्यांची पेटी भिंतीला ठोकलेल्या पत्र्यात. दर खुणेला आबा अंगठा फिरवायचे आणि "हं" किंवा "उंहू" म्हणायचे. "उंहू" जास्त. तिला हात होता, बापूला फक्त हातोडी आहे, असं एकदा पुटपुटलेसुद्धा.

आठव्या दिवशी शैला खुर्ची टाकून स्वयंपाकघरात बसली, परीक्षा घ्यायला बसतात तशी. आबांनी काडी ओढली. वात धरल्याचा भप्प आवाज आला, तसा त्यांचा हात मागे आला; चावी खाचेपर्यंत फिरली आणि थांबली. डबा घेतला, झाकणाच्या कडेवर अंगठा, एक खाच. शैलानं पदर तोंडात धरला होता. मी नेहमीप्रमाणे अंगणात होतो. चहा गोड झाला. जरा जास्तच, दोन चमचे त्यांनी बहुतेक माझ्या वाटचे टाकले.

शैला गेली. मी निघताना आबा म्हणाले, "मी बोलावेपर्यंत इकडे फिरकू नकोस. कोणी बघत बसलं की आंधळा माणूस जास्त आंधळा होतो." म्हणून मी इथं आहे, आणि तिकडे जायला पाय शिवशिवतायत.

पहिलं कार्ड शनिवारी आलं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, "काळजी नसावी" हे शब्द पत्त्यावर जाऊन बसलेले. पोस्टमननं ते पोचवलं कसं, तोच जाणे. तेव्हा मला तो पुठ्ठा आठवला, फटी कापलेला. एका फटीत एक ओळ. तू त्यांना लिहायलासुद्धा रूळ घालून दिले होतेस, आणि मी ते उंदरांच्या नावावर खपवले. सगळं परत केलं, पुठ्ठा राहून गेला. ते कार्ड शैलाला दाखवायची छाती झाली नाही. "आबांचं कार्ड आलं, खुशाल आहेत," एवढं लिहिलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

आणि आता मंगळवारचं आलेलंच नाही. चावी खाचेच्या पुढे फिरली असेल का? वाळूवर रॉकेल सांडलं असेल तर? शेजारच्या भाभी लग्नासाठी मारवाडला गेल्यात, खानावळीचा माणूस डबा उंबऱ्यात ठेवून जातो. सकाळपासून मी दुकानातला प्रत्येक स्टोव्ह डोळे मिटून चाचपतोय. शेठजींनी बघितलं, म्हणाले, "बापू, ध्यान बाद में. गिऱ्हाईक उभं आहे." गिऱ्हाईक बाई होती, इस्त्री घ्यायला आलेली. मी म्हणालो, बाई, डोळे मिटून मूठ धरून बघा. ती बाई समोरच्या दुकानात गेली.

उद्या बारापर्यंत वाट बघतो. नाही आलं तर शैलाला तार करतो आणि मी स्वतः निघतो. हे तुला साक्षी ठेवून लिहितोय, म्हणजे मला पळता येणार नाही.

*

गुरुवार, दुपार.

आलं, अक्का.

पोस्टमननं लांबूनच कार्ड हलवलं, "जमलं बरं का लग्न!" मी ते घेतलं आणि आधी मजकूर वाचला नाही, ओळी बघितल्या. सरळ. एकीखाली एक, अकराच्या अकरा, छापखान्यातून निघाल्यासारख्या. बॉलपेन इतकं दाबून धरलेलं, की मागच्या बाजूनं अक्षरं बोटाला लागतात.

जसंच्या तसं उतरवतो:

"बापूस आशीर्वाद. कार्डाला उशीर झाला, कारण पुठ्ठा कापत होतो. चार बिघडले, पाचवा जमला. तुझे डबे ज्या खोक्यातून आले, ते खोकं बाकी उत्तम निघालं. बोट कापलेलं नाही, तुला ते आधी वाटेल म्हणून लिहितो. रेडिओ ठीक. दूध एकदा उतू गेलं, ते तुझ्या अक्काच्या वेळीही जायचं. साखरेच्या झाकणाची खाच हाताला बोचते. अक्कानं असलं काम घरात घेतलं नसतं. रविवारी येताना बारीक कानस आण. चहा मी करीन."

मी हे तीनदा वाचलं. नापास झाल्याचा इतका आनंद मला शाळेतही कधी झाला नव्हता.

शैलाला पत्र लिहून झालं. ह्या वेळी सगळं लिहिलं: पहिल्या कार्डाच्या ओळी कशा होत्या, दुसरं दोन दिवस उशिरा आलं आणि का आलं, दूध उतू गेलं तेसुद्धा. सोबत पाकिटात आबांची दोन्ही कार्डं घातलीयत. तिनं ती शेजारी ठेवून बघावीत. मग तिला काय ठरवायचं ते ठरवू दे. मला भीती वाटते ती काय ठरवेल ह्याची, पण तिला अर्धवट सांगायची आता त्याहून जास्त वाटते. तू आमच्यापासून लपवलंस, अक्का, त्याबद्दल माझा तुझ्यावर थोडा राग आहे. तो भेटीत सांगायचा होता.

शेठजींकडून बारीक कानस मागून घेतली, पिशवीत टाकली. टाकण्याआधी ती अंगठ्यावर फिरवून बघितली. बघताना डोळे मिटले होते, हे नंतर लक्षात आलं. रविवारी पहिल्या गाडीनं निघतो. झाकणाची कड गुळगुळीत करीन, खाचेला हात लावणार नाही. आणि आधण ठेवलेलं असेल तर ह्या खेपेला उठून जाणार नाही. चहा कसाही होवो, शेवटच्या घोटापर्यंत पिईन.

तुझा,
बापू